पासिंगला रंग नको, पत्रा बघा

पंधरा वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग काढायचं म्हटलं, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला असतो. "आधी रंग मारून घ्या, मग बघू." सल्ला देणारा एजंट असो, शेजारी असो नाहीतर मेव्हणा असो, वाक्य तेच. ब्रेक कसे आहेत, खालचा पत्रा शाबूत आहे का, टायर किती वर्षांचे आहेत, हे कोणी विचारत नाही. शाळेत साहेब यायच्या आदल्या दिवशी भिंतींना चुना मारतात, तसलाच हा प्रकार. छप्पर गळतंय की नाही ते पावसाळ्यात बघू!

मंडळी, यंदा दिवाळीनंतर आम्ही घरच्या मारुती ८०० चं काम अंगणातच काढलं. त्या दीड महिन्यात जे दिसलं त्यावरून हे लिहितोय. विषय आमच्या एका गाडीचा नाही. चिपळुणात आणि आजूबाजूच्या गावांत अशा कितीतरी जुन्या गाड्या पडवीत, मांडवाखाली, वाडीच्या रस्त्याला उभ्या आहेत. त्यांच्या मालकांच्या खिशाचा आणि जिवाचा हा विषय आहे.

आधी गाडीबद्दल. अण्णांनी २००३ साली रिटायर होताना फंडाच्या पैशातून घेतली. घरातली पहिली चारचाकी. बहिणीची पाठवणी हिच्यात झाली, आईला डायलिसिसला हिच्यातूनच नेलं. तुमच्याही घरी अशी एखादी असेल, म्हणून जास्त सांगत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ही गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. विमा फक्त थर्ड पार्टी. थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई. तुमच्या गाडीचं काही झालं तर तुम्हाला शून्य. जुन्या गाडीला फुल इन्शुरन्स कोण काढतो? आपल्यातल्या बहुतेकांचं त्या पुरात हेच झालं.

त्या दिवसांत प्रत्येक गॅरेजसमोर चिखलाने माखलेल्या गाड्यांची रांग होती. एका गॅरेजने आमची गाडी घेतली, इंजिन खोललं, ऑइल बदललं, वायरिंग सुकवलं, सीट धुतली, नवीन मॅट टाकलं आणि बाहेरून रंगाचा एक हात मारला. गाडी सुरू झाली, आम्ही खूश. २०२३ साली तिचं दुसऱ्यांदा पासिंग झालं, पाच वर्षांचा शिक्का मिळाला.

यंदा ते मॅट उचललं. ड्रायव्हरच्या पायाखाली डांबरी शीट, शीटखाली पुट्टी आणि पुट्टीखाली पत्राच नाही! स्क्रूड्रायव्हरने नुसतं टोचलं तर आरपार गेला. खाली अंगणातली माती दिसली. वरून गाडी मात्र झकास. लांबून बघणारा म्हणायचा, "काय ठेवलीय हो गाडी!"

हे का होतं ते समजून घेऊ. पुराचं पाणी ओसरतं, पण गाळ दाराच्या पोटात बसतो. दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, पाणी निघून जावं म्हणून. ती गाळाने बुजतात. मग प्रत्येक पावसात आत पाणी साठतं आणि दार आतून कुजतं. बाहेरून रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला खेळ खलास झालेला असतो. गंजाला पाणी आणि हवा एवढंच लागतं. आपल्या कोकणातली दमट, खारी हवा ते काम आणखी वेगाने करते. गंजावर थेट पुट्टी भरली तर गंज थांबत नाही, फक्त दिसेनासा होतो. पुट्टी ओल धरून ठेवते आणि खाली पत्रा निवांत सडत राहतो.

आणि हा नुसता दिसण्याचा प्रश्न नाही. ट्रकला, जुन्या जीपला चासी वेगळी असते, वर बॉडी बसवलेली असते. मारुती ८०० सारख्या छोट्या गाड्यांना वेगळी चासी नसते. बॉडी हीच चासी. खालचा फ्लोअर आणि दाराखालची पट्टी यांच्यावरच गाडीची ताकद असते. सीटही त्यातच बोल्ट केलेली, पट्टाही. फ्लोअर कुजला म्हणजे धडक बसल्यावर सीट आणि पट्टा तुम्हाला धरून ठेवतील याचा भरवसा गेला. अशी गाडी चकाचक रंगवून मुलांना मागे बसवून आपण परशुराम घाट उतरतो.

तर काम कसं केलं ते थोडक्यात सांगतो, कारण बरेच जण मेसेज करून विचारतायत.

आधी बॅटरीची वायर काढली, सीटा काढल्या, मॅट काढलं. कुजलेला पत्रा झाकायचा नाही, कापून काढायचा, अगदी चांगला पत्रा लागेपर्यंत. तिथे नवीन पत्रा वेल्ड केला. हे काम आमचं नव्हे. खेर्डीच्या बाजूला काम करणारे एक वेल्डर काका घरी आले, दोन दिवस बसले. खालून जाणारी पेट्रोलची आणि ब्रेकची लाईन कुठून गेलीय हे त्यांनी आधी बघितलं, पाण्याची बादली आणि ओली पोती शेजारी ठेवली, मगच ठिणगी पाडली. हे न बघता वेल्डिंग सुरू करणारा मिस्त्री असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

मग सांध्यांना सीलर, गंज घासून रेड ऑक्साइड, वर अंडरकोट. दाराची बुजलेली भोकं तारेने मोकळी केली. चार वर्षांपूर्वीचा गाळ निघाला, मंडळी! ब्रेकचे गंजलेले पाइप बदलले, मागचे ब्रेक शू आणि सिलिंडर बदलले, ब्रेक ऑइल नवीन भरलं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन-एक वर्षांनी बदलायलाच हवं. आपल्याकडे ते गळून कमी झाल्याशिवाय कोणी बघतही नाही.

रंगाची पाळी सगळ्यात शेवटी आली. पाण्याचा पेपर मारून घासणं, अगदी थोडी पुट्टी, परत घासणं, प्रायमर, परत घासणं. रंगकामात मुख्य काम घासायचंच असतं. फवारणी अर्ध्या दिवसात होते. दिवाळीनंतर काढलं कारण पावसाळ्यात हवेतली ओल रंगात बसते आणि रंग पांढरट मारतो. रंग मूळचाच ठेवला. आरसीवर रंगाची नोंद असते. पांढऱ्याची लाल करायची असेल तर आरटीओला कळवून आरसीवर तशी नोंद करून घ्यावी लागते. नाहीतर एखाद्या चेकनाक्यावर किंवा क्लेमच्या वेळी नसती उठाठेव. एचएसआरपी नंबर प्लेट काढली नाही, कागद-टेप लावून झाकली. त्या प्लेटचं लॉक एकदा तोडलं की परत बसत नाही.

खर्च सांगतो. पत्रा आणि वेल्डिंग साडेसात हजार. ब्रेकचं काम पाच हजार आठशे. चार टायर अकरा हजार. रंगाचं सामान आणि पेंटरची मजुरी मिळून सोळा हजार. एकूण चाळीस हजार तीनशे. यातले चोवीस हजार तीनशे रुपये गेले ते बाहेरून दिसत नाहीत किंवा कोणी बघत नाही. दिसतात ते फक्त रंगाचे सोळा हजार.

माझा मुद्दा इथे सुरू होतो.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कायद्यात हे स्पष्ट आहे, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ४१. आमच्या गाडीचं पहिलं नूतनीकरण २०१८ ला झालं, तेव्हा फी होती ६०० रुपये. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीला ५,००० झाली, ती आम्ही २०२३ ला भरली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने वीस वर्षांपुढच्या चारचाकीला ही फी १०,००० केली, म्हणजे २०२८ ला दहा हजार. पर्यावरण कर वेगळा. दुचाकीवाल्यांनीही हसू नये. वीस वर्षांपुढच्या मोटारसायकलला २,००० झाले आहेत.

गाडी तीच, मालक तेच, महिन्याचं चालणं उलट कमी झालं. सहाशेचे दहा हजार झाले. बरं, हे दहा हजार घेऊन गाडी खालून तपासली जाणार आहे का? तर तशी सोयच बहुतेक ठिकाणी नाही. तालुक्याच्या कॅम्पात मोकळ्या मैदानात गाड्या उभ्या करतात. तिथे ना खड्डा, ना रॅम्प, ना ब्रेक मोजायचं यंत्र. हातात शंभर गाड्या असलेला इन्स्पेक्टर काय बघणार? चासी नंबर जुळवणार, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर बघणार आणि गाडीभोवती एक चक्कर मारणार. त्या चक्करेत काय दिसतं? रंग. मी त्या माणसाला दोष देत नाही. त्याला देऊन देऊन आपण डोळे दिलेत, गाडी उचलायचा जॅकही दिला नाही.

याचा परिणाम उफराटा होतो. जो माणूस पंचवीस हजार पत्र्यावर आणि ब्रेकवर घालतो, त्याला फीमध्ये एक रुपयाची सवलत नाही. जो सोळा हजारांचा नुसता रंग मारतो, त्याचीही फी तेवढीच आणि शिक्काही तोच. मग गरीब माणूस पैसे कशावर घालणार? जे साहेबाला दिसतं त्यावर. आपण लोकांना खोटं काम करायला शिकवतोय.

आता कोणी म्हणेल, जुन्या गाड्या हव्यात कशाला? धूर सोडतात, एअरबॅग नाही, एबीएस नाही. मुद्दा खरा आहे. आमच्या ८०० मध्ये यातलं काही नाही. म्हणून ती आम्ही हायवेला शंभरने पळवत नाही आणि नवीन गाडीइतकी सुरक्षित आहे असा माझा दावाही नाही. पण धूर किती सोडते हे पीयूसीत मोजता येतं, वयावरून ठरवावं लागत नाही. व्यवस्थित ठेवलेली, महिन्याला दोनशे किलोमीटर चालणारी जुनी गाडी आणि रोज दीडशे किलोमीटर पळणारी पण देखभाल नसलेली सात वर्षांची गाडी, यातली जास्त धोक्याची कोणती? नियमाच्या नजरेत पहिली.

व्हॉट्सॲपवर एक मेसेज सारखा फिरतो, "पंधरा वर्षं झाली की गाडी भंगार, सरकारचा नियम." हे आपल्याकडे खरं नाही. दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती. आधी हरित लवादाने, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ती लावली आणि नंतर त्यातही बदल झाले. सरकारी गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांची मर्यादा आहे. मुंबईतल्या टॅक्सींना वीस वर्षांची. म्हणूनच २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. ती रोज मुंबईत धंद्यावर पळत होती, तिला वयाची मर्यादा समजू शकतो. आमची गाडीही २००३ चीच. पण खासगी आहे, आणि महाराष्ट्रात खासगी गाडी तपासणीत पास होते तोवर रस्त्यावर राहू शकते. त्या मेसेजला घाबरून चांगली गाडी भंगारवाल्याला दहा-बारा हजारात देऊ नका. असे दोन जण माझ्या माहितीत आहेत.

स्क्रॅपिंगचं धोरण २०२१ ला आलं. अधिकृत केंद्रात गाडी मोडली तर नवीन गाडीच्या एक्स-शोरूम किमतीच्या ४ ते ६ टक्के इतकी भंगाराची किंमत, नवीन खासगी गाडीच्या रस्ता करात २५ टक्क्यांपर्यंत सूट आणि नोंदणी फी माफ. कागदावर चांगलं आहे. पण करातली सूट आणि फीमाफी कोणाला? जो नवीन गाडी घेतो त्याला. निवृत्त शिक्षक, छोटा दुकानदार, आंब्याच्या एका सीझनवर वर्ष काढणारा बागायतदार, हा पाच-सहा लाखांची नवीन गाडी घेणारच नसेल तर त्याला फक्त भंगाराचे पैसे. आणि रात्री दोनला गावातून पेशंट न्यायचा असेल तर एसटी येणार आहे का? आपल्याकडे जुनी गाडी कोणी हौसेनेच ठेवतं असं नाही, तिला पर्याय नाही म्हणून ठेवतात.

अजून एक गोष्ट, तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. रंग मारणारा पोरगा. आपल्या गॅरेजांमध्ये सतरा-अठरा वर्षांची मुलं तोंडाला रुमाल बांधून स्प्रे गन चालवतात. हार्डनर घालून मारतात त्या चकचकीत टू-के रंगात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, त्याने दमा होतो, आणि एकदा शरीराला त्याची बाधा झाली की पुढे थोड्या वासानेही श्वास कोंडतो. रुमालाने किंवा कोविडच्या मास्कने ते अडत नाही. जुना रंग कोरडा घासताना उडणाऱ्या धुळीत शिसं असू शकतं. घराच्या रंगातल्या शिशावर आपल्याकडे नियम आहे, २०१७ पासून ९० पीपीएमची मर्यादा. पण तो नियम घरगुती रंगांपुरता आहे, गाडीच्या रंगाला तो लागू नाही.

म्हणून आम्ही अंगणात फक्त पाणी मारून घासलं, कोरडं नाही. घासलेलं पाणी विहिरीच्या बाजूला जाऊ दिलं नाही. शेवटचा क्लिअर कोट घरी मारला नाही, बंद खोली आणि एक्झॉस्ट असलेल्या ठिकाणी मारून घेतला. घरी करायची हौस असेल तर जरूर करा, पण लहान मुलं घरात असताना टू-के फवारू नका आणि थिनरचा डबा चुलीच्या, देवाच्या दिव्याच्या जवळ ठेवू नका.

नुसतं रडगाणं नको, म्हणून मागण्याही लिहितो. आमदार, खासदार आणि परिवहन खात्याची माणसं ही पोस्ट वाचत असतील तर त्यांच्यासाठी.

एक, तालुक्याच्या प्रत्येक कॅम्पात गाडी खालून बघता येईल असा एक साधा रॅम्प हवा. सिमेंटचा खड्डा बांधायला काही कोटी लागत नाहीत.

दोन, तपासणीत काय काय बघितलं याचा मराठीतला कागद मालकाच्या हातात द्या. फ्लोअर, ब्रेक पाइप, स्टिअरिंगचे सांधे, टायर, पट्टे. नापास असेल तर का, तेही लिहा. दहा हजार घेता तर एक कागद तरी द्या.

तीन, फी वयावर नको, तपासणीवर ठेवा. पूर्ण तपासणीत एका फटक्यात पास होणाऱ्या गाडीला कमी फी. मग लोक आपोआप पैसे पत्र्यावर घालतील.

चार, पुरात बुडालेल्या गाडीची नोंद आरसीवर किंवा वाहन पोर्टलवर दिसली पाहिजे. २००५ झालं, २०२१ झालं, पुन्हा होणार नाही असं कोणी लिहून देईल का? बुडालेल्या गाड्या रंगवून घाटावर विकल्या जातात. तिथल्या घेणाऱ्याला पत्ताही नसतो.

पाच, आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि पेंटिंगचे ट्रेड यादीत आहेत. गॅरेजात आधीच काम करणाऱ्या पोरांसाठी त्यातला महिनाभराचा संध्याकाळचा वर्ग काढा आणि त्यांना चांगल्या फिल्टरचा मास्क द्या.

हे होईपर्यंत आपलं आपण काय करायचं? जुनी गाडी विकत घेताना किंवा स्वतःची बघताना चार गोष्टी करा. एक लोहचुंबक मऊ कापडात गुंडाळून दाराच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानीला फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा कमी, पुट्टी जास्त. मॅट उचला, कितीही आढेवेढे घेतले तरी उचला. सीटच्या पट्ट्याला शेवटपर्यंत ओढा, आत गाळाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. डिकीतल्या स्टेपनीखाली हात घाला. रंगाबद्दल सगळ्यात शेवटी विचारा.

या चारपैकी काही तुमच्या गाडीत सापडलं तर खाली कमेंटमध्ये लिहा, जमलं तर फोटोही टाका. गाडीचा नंबर झाका, मालकाचं आणि गॅरेजचं नाव नको. तालुक्यातल्या अशा पन्नास गाड्या जमल्या की त्याची यादी करून पुढच्या कॅम्पाच्या दिवशी साहेबांच्या टेबलावर ठेवायची आहे. ज्यांना बरोबर यायचंय त्यांनी तेही लिहा.